समावेशक बालशिक्षक होण्याचं प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांना शिकवायची ओढ आहे आणि आपल्या वर्गाच्या दारातून एकही मूल परत जाऊ नये असंही वाटतं, अशी माणसं प्रशिक्षणाला येण्याआधी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी गैरसमज जास्त असतात. बालशिक्षणाचा काळ साधारण जन्मापासून आठ वर्षांपर्यंत धरतात. इथला भर मात्र तीन ते सहा या वयावर आहे.

दिव्यांग मुलांना प्रवेश दिला की वर्ग समावेशक झाला ना?

नाही. प्रवेश ही फक्त सुरुवात आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ सालचा. त्यातलं २४वं कलम शिक्षणाबद्दल आहे. त्या कलमाचा अर्थ उलगडताना कराराच्या समितीने २०१६ मध्ये चार अवस्था वेगळ्या करून सांगितल्या. मुलाला शाळेबाहेरच ठेवणं ही पहिली. वेगळ्या शाळेत किंवा वेगळ्या खोलीत ठेवणं ही दुसरी. काहीही न बदलता आहे त्या वर्गात आणून बसवणं ही तिसरी. आणि ते मूल सहभागी होऊ शकेल असा वर्गच बदलणं ही चौथी. बऱ्याच शाळा तिसरीपर्यंत पोचतात आणि चौथी गाठली असं समजतात.

गोष्टीची वेळ घ्या. सगळी मुलं जमिनीवर गोल करून बसली आहेत आणि चाकाच्या खुर्चीतली मुलगी गोलाच्या मागून, इतरांच्या डोक्यांवरून चित्रं पाहते आहे. ती वर्गात आहे, गोष्टीत नाही. तिला जमिनीवर टेकून बसता येईल अशी आधाराची बैठक द्या, किंवा सगळ्यांनाच बुटक्या बाकांवर बसवा. थोड्या वेळात शेजारचं कुणीतरी तिच्याकडे झुकून काहीतरी कुजबुजेल. ते कुजबुजणं हाच समावेश.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या बालशिक्षण संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून समावेशाची तीन अंगं मांडली होती: प्रवेश, सहभाग आणि आधार. वर्ग पाहायला गेले की मी त्यातलं मधलं शोधते. प्रवेश हजेरीपटावर दिसतो, आधाराचा हिशेब कागदावर मिळतो. सहभाग पाहायचा तर वर्गात बसूनच राहावं लागतं.

मग हे विशेष शिक्षकाचं काम नाही का? मी साधी बालवाडी शिक्षिका आहे.

दोघांचंही आहे, पण वाटा वेगळा आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सराव घेणारे तज्ज्ञ) ही मंडळी मुलासोबत आठवड्यात थोडाच वेळ असतात. उरलेला सगळा वेळ मूल तुमच्याजवळ असतं. चप्पल काढणं, दप्तर अडकवणं, रांगेत उभं राहणं, रंग मागणं, भांडणं, परत मैत्री करणं हे सगळं तुमच्यासमोर घडतं. लहान मूल कौशल्य शिकतं ते अशा खऱ्या प्रसंगांत, दिवसातून अनेकदा आणि थोडंथोडं. म्हणून थेरपिस्टने ‘दोन शब्द जोडून मागणं’ हे उद्दिष्ट ठरवलं, तर त्याचा खरा सराव तुमच्या चित्रकलेच्या टेबलावर होतो. तिथे ‘लाल खडू’ म्हटल्यावर हातात लाल खडू येतो, आणि मुलाला शब्दाची ताकद कळते.

समावेशक बालशिक्षकाचं प्रशिक्षण याच मधल्या जागेसाठी आहे. तुम्ही थेरपिस्ट होत नाही. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येईल आणि ते बोलणं वर्गाच्या दिनक्रमात उतरवता येईल, इतकं शिकता.

ही कल्पना अलीकडचीच आहे का?

घोषणा अलीकडच्या आहेत, मुळं जुनी आहेत. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, हे आपण वाचलेलं असतं. त्याआधी त्या रोममध्येच बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करत होत्या आणि इटार्ड व सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांच्या पद्धतींचा अभ्यास करत होत्या, हे कमी सांगितलं जातं. आज जगभरच्या बालवाड्यांत दिसणाऱ्या त्यांच्या साधनांमागे त्या मुलांसोबतचं काम आहे. दिव्यांग मुलांसाठी नीट विचार केला की तो सगळ्याच मुलांना उपयोगी पडतो, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

पुढे रशियात मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की यांनी मांडलं की शारीरिक उणिवेपेक्षा तिच्यामुळे मूल समाजातून बाजूला पडतं, ते जास्त नुकसान करतं. इटलीने १९७७ च्या कायद्याने शाळांतले वेगळे विशेष वर्ग बंद केले. अमेरिकेत गरीब कुटुंबांतल्या बालकांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’ कार्यक्रमात किमान १० टक्के जागा दिव्यांग मुलांसाठी असाव्यात, असं १९७२ मध्येच ठरलं. आणि १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी समावेशक शाळेचं तत्त्व एकत्रितपणे मान्य केलं. युनिसेफच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात जवळपास २४ कोटी मुलं दिव्यांग आहेत, म्हणजे साधारण दहातलं एक. तुमच्या वर्गात असं मूल येईल का, हा प्रश्नच राहत नाही. बहुतेक ते आत्ताही असेल आणि त्याला ‘लक्ष नसतं’ असं म्हटलं जात असेल.

कोणकोणते अभ्यासक्रम असतात? पात्रता काय लागते?

साधारण चार वाटा दिसतात. बालशिक्षणाची पदविका किंवा पदवी, ज्यात समावेशाचे काही विषय असतात. विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी, ज्यात बालवयाची खास शाखा असते. दोन्ही एकत्र देणारा जोड अभ्यासक्रम. आणि आधीच शिकवणाऱ्यांसाठी छोटं प्रमाणपत्र.

पात्रतेचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. प्रवेश घेण्याआधी शिक्षकांना मान्यता देणाऱ्या अधिकृत संस्थेकडूनच विचारून घ्या, शक्यतो लेखी: या पात्रतेवर मला बालवाडीत नेमणूक मिळेल का, आणि विशेष शिक्षक म्हणूनही मिळेल का? माहितीपत्रकातल्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबू नका. कुणाची मान्यता आणि कशासाठी, हे त्यात बऱ्याचदा नसतं.

दोन-तीन संस्थांमधून निवडायचं असेल तर काय पाहावं?

सर्वात आधी सरावाचं विचारा. प्रत्यक्ष मुलांसोबत किती काळ घालवायला मिळेल, हा पहिला प्रश्न. तो सलग असेल की तुटक, हा दुसरा. एका वर्गात सलग काही आठवडे राहिलं तरच मुलाचा वाईट दिवस आणि चांगला दिवस यातला फरक कळतो. आज इथे, उद्या तिथे अशा भेटींतून शाळा पाहून होतात, मूल दिसत नाही.

मग विचारा की सरावाच्या वेळी मार्गदर्शक वर्गात येऊन बसतात का, आणि नंतर तुमच्याशी बोलतात का. पाठाचं टाचण तपासून सही करणं म्हणजे मार्गदर्शन नव्हे. ‘तुम्ही प्रश्न विचारलात आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलंत, तो मुलगा तोंड उघडत होता’ असं सांगणारं कुणीतरी लागतं. हे पुस्तकातून कळत नाही.

तिसरं म्हणजे, दिव्यांगत्व हा एकाच पेपरात कोंबलेला विषय आहे की गोष्ट सांगणं, गणितपूर्व तयारी, संगीत, मैदानी खेळ अशा प्रत्येक विषयात त्याचा विचार आहे? शेवटच्या सत्रात एक पेपर ठेवला की छात्राध्यापकाच्या मनात तशीच रचना बसते: आधी ‘खरी’ मुलं, मग उरलेली. आणि शिकवणाऱ्यांमध्ये, निदान पाहुण्या वक्त्यांमध्ये, दिव्यांग प्रौढ आणि दिव्यांग मुलांचे पालक आहेत का तेही पाहा. ज्यांच्याबद्दल शिकायचं, त्यांचा आवाजच अभ्यासक्रमात नसेल तर मी ती संस्था निवडणार नाही.

इमारत, संगणककक्ष, गणवेश यांकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात?

बालविकास, खेळ आणि त्याचे टप्पे, भाषाविकास, वर्गाची मांडणी, दिनक्रमाची आखणी, एकेका मुलासाठी वैयक्तिक आराखडा, कुटुंबासोबतचं काम, इतर तज्ज्ञांसोबतचं काम, कायदे आणि बालसुरक्षा. चांगल्या ठिकाणी या सगळ्याच्या तळाशी एक विचार असतो, आणि तो जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात नीट मांडला आहे. अक्षमता फक्त शरीरात नसते. शरीर, भोवतालचा परिसर आणि माणसाला काय करायचं आहे, या तिन्हींच्या मेळातून ती कमी-जास्त होते. शिक्षकासाठी याचा अर्थ सरळ आहे. मुलाचं शरीर तुम्ही बदलू शकत नाही, परिसर आज दुपारीसुद्धा बदलू शकता.

निरीक्षणावर इतका भर का असतो? नोंदी लिहून हात दुखतात.

कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मला विचाराल तर संपूर्ण प्रशिक्षणातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही.

‘आज तो हट्टीपणा करत होता’ हे निरीक्षण नाही, तो निकाल झाला. निरीक्षण असं असतं: ‘हात धुवायच्या रांगेत तिसरा उभा होता. मागच्या मुलीचा हात त्याच्या पाठीला लागला. त्याने वळून तिला ढकललं. ताईंनी त्याला रांगेतून काढून खुर्चीवर बसवलं. तो लगेच शांत झाला.’ आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, एवढंच. विशेषणं गाळायची आणि मनात काय चाललं असेल याचे अंदाज वेगळ्या रकान्यात लिहायचे.

अशा नोंदी आठवडाभर ठेवल्या की चित्र दिसायला लागतं. समजा, त्याने ढकललं ते प्रत्येक वेळी मागून स्पर्श झाल्यावरच. समोरून कुणी हात धरला तर तो काही करत नाही. आता ‘हट्टी मुलाला वळण लावणं’ हे काम राहिलं नाही. काम आहे रांगेचं. जमिनीवर पावलांच्या खुणा चिकटवून अंतर ठेवता येतं, त्याला शेवटचा उभा करता येतं, मुळात रांगच टाळून चार-चारच्या गटाने हात धुता येतात. शिवाय नोंदीचा शेवट पुन्हा वाचा: ढकललं की रांगेतून सुटका होते, हेही तो शिकतो आहे, आणि ते आपणच शिकवतो आहोत.

हे सगळं कोणत्याही निदानाशिवाय झालं. म्हणून नोंदींचा कंटाळा आला तरी त्या लिहायच्या. पुढे सवय झाली की खिशातल्या चिठ्ठीवर दोन ओळी पुरतात.

सगळ्या प्रकारच्या दिव्यांगत्वांची माहिती पाठ करावी लागते का?

पाठ करून फारसा उपयोग होत नाही. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान असलेली दोन मुलं एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. नावाच्या चिठ्ठीपेक्षा ‘हे मूल कशाने खुलतं, कशाने मिटतं’ हे कळणं जास्त कामाचं.

काही गोष्टी मात्र पक्क्या ठाऊक असायलाच हव्यात, कारण तिथे सुरक्षिततेचा किंवा वाया जाणाऱ्या दिवसांचा प्रश्न असतो. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, आसपासच्या टणक वस्तू दूर करायच्या, घड्याळ पाहायचं. तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर तातडीने वैद्यकीय मदत बोलवायची. गिळायला त्रास असलेल्या मुलाला मान मागे टाकून कधीही भरवायचं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून कोलांटउडीसारखे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाचं यंत्र रोज सकाळी तपासायचं. ‘आ, ई, ऊ, श, स, म’ हे सहा ध्वनी, आपलं तोंड त्याला दिसणार नाही अशा बेताने, एकेक करून म्हणायचे आणि त्याला ऐकू येतात का पाहायचं. एका मिनिटाचं काम, पण ते केलं नाही तर बॅटरी उतरलेलं यंत्र लावून मूल दिवसभर शांत बसून राहतं आणि सगळे म्हणतात, किती गुणी आहे. आणि गोष्ट सांगताना खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका. ओठ वाचणाऱ्या मुलाला आणि अंधुक दिसणाऱ्या मुलाला तुमच्या चेहऱ्याच्या जागी काळी सावली दिसते.

एखाद्या मुलात काही वेगळं जाणवलं तर पालकांना निदान सांगायचं का?

कधीच नाही. निदान हा तज्ज्ञांचा अधिकार आहे. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडेही नसतं, ते म्हणजे इतर मुलांमध्ये वावरणाऱ्या त्या मुलाच्या कित्येक दिवसांच्या नोंदी. त्याच घेऊन बसा.

‘तुमचा मुलगा मागे पडतोय’ असं सुरू केलं की बोलणं तिथेच संपतं. आधी मुलाबद्दल तुम्हाला खरोखर आवडलेली गोष्ट सांगा. मग एक प्रसंग सांगा: ‘मागून हाक मारली की तो वळत नाही, खांद्याला हात लावला की लगेच हसतो. घरी कसं असतं?’ आणि थांबा. पालक बऱ्याचदा हे आधीपासून मनात घेऊन फिरत असतात. कुणीतरी न घाबरवता विचारावं, याची वाट पाहत असतात.

वरच्या उदाहरणात पहिली तपासणी कानांची व्हायला हवी. हाकेला ओ न देणारं मूल म्हटलं की हल्ली मनात लगेच स्वमग्नता येते. मधल्या कानात पाणी साठल्याने ऐकू येणं कमी-जास्त होणं या वयात अगदी सर्रास असतं. आणि मूल आधी बोलत असलेले शब्द किंवा आधी येत असलेली कौशल्यं हरवू लागलं असेल, तर ‘थोडं थांबून पाहू’ म्हणू नका. त्याच आठवड्यात तपासणीचा सल्ला द्या.

एकाच वर्गात वीस तऱ्हांची मुलं. प्रत्येकासाठी वेगळा पाठ कसा काढणार?

काढायचा नाही. एकच पाठ असा आखायचा की त्यात शिरायला अनेक दारं असतील. इमारतींच्या रचनेत ‘सार्वत्रिक आराखडा’ ही कल्पना अमेरिकी वास्तुरचनाकार रॉन मेस यांनी रुजवली. ते स्वतः चाकाची खुर्ची वापरायचे. इमारत बांधून झाल्यावर उतार जोडण्यापेक्षा आराखड्यातच उतार असावा, असा तो विचार. पुढे कास्ट या अमेरिकी संस्थेने तो शिक्षणात आणला. तिथे तीन गोष्टी पाहायच्या असतात: मुलाला त्यात रस कसा वाटेल, माहिती त्याच्यापर्यंत किती वाटांनी पोचेल, आणि कळलेलं ते किती तऱ्हांनी दाखवू शकेल.

पावसाची गोष्ट सांगायची आहे. तोंडी सांगा, मोठी चित्रं दाखवा, ओला कापूस आणि कोरडं पान हातात फिरवा, थेंबांसाठी एक खूण ठरवून सगळ्यांनी मिळून करा. शेवटी कुणी बोलून सांगेल, कुणी चित्राकडे बोट दाखवेल, कुणी उठून छत्री उघडल्याचा अभिनय करेल. अंधुक दिसणाऱ्या मुलीसाठी आणलेला कापूस सगळ्यात जास्त कुणी घट्ट धरून ठेवतं? एखादं असं मूल, ज्याच्या फाईलमध्ये काहीच लिहिलेलं नसतं. इतकं करूनही एखाद्याला जास्त मदत लागेल, ती त्याच्या वैयक्तिक आराखड्यातून द्यायची.

बोलत नसलेल्या मुलासोबत काय करायचं?

आधी हे मनातून काढून टाकायचं की त्याला सांगण्यासारखं काही नाही. ते डोळ्यांनी, हात ओढून, वस्तू आणून, पाठ फिरवून सतत सांगत असतं.

खुणा, चित्रफलक, बोलणारं उपकरण यांना पर्यायी आणि पूरक संवाद म्हणतात. ‘चित्रं दिली तर ते बोलायलाच शिकणार नाही’ ही भीती पालकांना असते आणि काही शिक्षकांनाही. संशोधनातून उलट दिसलं आहे. या साधनांनी बोलणं अडत नाही, काही मुलांचं वाढतं. म्हणून ‘आधी बोलेल का ते पाहू, मग देऊ’ असं करायचं नाही.

दोन सवयी प्रशिक्षणातच अंगी लावून घ्या. एक, तुम्ही स्वतः त्या फलकावर बोट ठेवत बोला. फक्त मुलाने वापरायची वस्तू म्हणून तो टेबलावर ठेवला तर धूळच खाईल. दोन, प्रश्न विचारल्यावर थांबा. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. नव्या शिक्षकांना ही शांतता फार जड जाते. मुलाला तेवढा वेळ खरोखर लागतो.

आणि त्या फलकावर ‘हवं’, ‘पाणी’, ‘शू’ एवढंच नको. ‘नको’, ‘थांब’, ‘पुन्हा’, ‘मला राग आला’ हेही हवं. नकार देता येणं ही संवादाची पहिली पायरी आहे, आणि मुलाच्या सुरक्षिततेसाठीही ती लागते.

मूल चावतं, मारतं, वस्तू फेकतं. अशा वेळी?

आधी सगळ्यांना सुरक्षित करा, कमीत कमी शब्द वापरा, आवाज खाली ठेवा. त्या क्षणी शिकवण देऊन उपयोग नसतो, भडकलेल्या मुलाला वाक्यं ऐकू येत नाहीत.

खरं काम नंतरचं, नोंदवहीतलं. ते वागणं मुलाला काय मिळवून देतं? लक्ष, एखादी वस्तू, नकोशा कामातून सुटका, की शरीराला हवी असलेली संवेदना? उत्तर सापडलं की तेच मिळवण्याचा दुसरा, सोपा मार्ग शिकवायचा. सुटका हवी असेल तर ‘थांबू या’ची खूण. ती मुलाने केली की सुरुवातीला प्रत्येक वेळी मानायची, नाहीतर जुना मार्गच जास्त खात्रीचा राहतो.

खूपसे भडके एका कामातून दुसऱ्याकडे जाताना उडतात. दिवसाचा चित्रमय तक्ता, ‘आधी हे, मग ते’ अशी दोन चित्रं, खेळ संपण्याआधी दोनदा पूर्वसूचना आणि दर वेळी तेच एक गाणं, एवढ्याने वर्ग किती निवतो ते एकदा करून पाहा.

दिव्यांग मुलासोबत एक मदतनीस दिला की प्रश्न सुटतो ना?

कधी सुटतो, कधी नवा तयार होतो. मोठं माणूस सतत शेजारी चिकटून बसलं की इतर मुलं त्या मुलाशी बोलायचं सोडून मदतनीसाशी बोलतात. मूलही प्रत्येक हालचालीआधी त्यांच्याकडे पाहू लागतं. म्हणून मदत कशी द्यायची याइतकंच ती कशी काढून घ्यायची हेही शिकावं लागतं: हात धरून, मग फक्त कोपराला स्पर्श, मग खूण, मग नुसतं थांबणं. मदतनीस वर्गाचे असावेत, एका मुलाचे नव्हे. ‘तुझा ठोकळा तिच्या मनोऱ्यावर ठेवशील?’ असं म्हणून दोन मुलांना जोडून देऊन बाजूला होणारा मदतनीस सोन्यासारखा.

यामुळे बाकीच्या मुलांचं नुकसान होत नाही का?

पालक हे विचारतात तेव्हा रागावू नका, प्रश्न रास्त आहे. नीट चालवलेल्या समावेशक वर्गांत इतर मुलांची प्रगती मागे पडत नाही, असंच अभ्यासांतून दिसत आलं आहे. ‘नीट चालवलेल्या’ हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. मुलं जास्त, मोठी माणसं कमी, तज्ज्ञांची साथ नाही, अशा वर्गात सगळ्यांचंच नुकसान होतं, आणि सर्वात आधी दिव्यांग मुलाचं. तिथे शिक्षकाच्या चांगुलपणावर भार टाकून व्यवस्थेने मोकळं होऊ नये. जास्तीचं माणूस मागणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

मुलांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्या. ‘ती अशी का चालते?’ याला ‘गप्प, असं विचारू नये’ म्हटलं की मूल शिकतं ते इतकंच की हे काहीतरी लाजिरवाणं आहे. ‘तिच्या पायांचे स्नायू घट्ट आहेत, म्हणून ती काठ्या घेऊन चालते. तुला तिच्यासोबत चालायचंय का?’ एवढं पुरतं.

पालकांसोबत काम करताना काय लक्षात ठेवावं?

त्यांनी त्या मुलासोबत काढलेल्या रात्री तुम्ही काढलेल्या नाहीत. आराखड्याच्या बैठकीत पालकांना सही करायला बोलावू नका, उद्दिष्ट ठरवायला बोलवा. ‘लक्ष केंद्रित करण्याची क्षमता वाढवणे’ असं आपण लिहितो. आई म्हणते, ‘त्याने भावासोबत एक खेळ पूर्ण खेळावा.’ आईचं उद्दिष्ट जास्त चांगलं आहे. ते दिसतं, मोजता येतं आणि घराला हवं आहे.

आणखी एक. विकासात उशीर असलेल्या मुलाच्या घरी ‘एकच भाषा बोला, मातृभाषा थोडे दिवस बंद ठेवा’ असा सल्ला अजूनही दिला जातो. देऊ नका. अशी मुलंही दोन भाषा शिकू शकतात, आणि आजीची भाषा काढून घेतली तर मुलाचं आजीशी बोलणंच तुटतं.

मी स्वतः दिव्यांग आहे. हे काम जमेल का?

हो. वर्गाला तुमची गरज आहे. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीने श्रवणयंत्र लावणारी ताई पाहिलेली असणं ही गोष्ट कुठल्याही साधनाने भरून येत नाही. सरावाच्या काळात तुम्हाला लागणाऱ्या सोयी प्रवेशाच्या वेळीच लेखी मागा.

सगळं ऑनलाइन शिकता येईल का?

सिद्धांत येईल. मुलाला भरवताना त्याच्या जबड्याला कसा आधार द्यायचा, रडणाऱ्या मुलाच्या किती जवळ बसायचं, हे पडद्यावरून येत नाही. ज्यात प्रत्यक्ष सरावाची अट नाही, तो अभ्यासक्रम पूरक वाचन म्हणून घ्या, पात्रता म्हणून नको.

पुरुषांनी यावं का?

जरूर यावं. बालसुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखे आहेत.

पुढे कामं कोणती मिळतात?

बालवाडी आणि पूर्वप्राथमिक वर्ग, पाळणाघरं, शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (विकासात उशीर दिसताच अगदी लहान वयात मदत सुरू करणारी), घरी जाऊन कुटुंबासोबत काम करणारे कार्यक्रम, पुनर्वसन केंद्रांतले खेळगट. काही वर्षांनी इतर शिक्षकांना वर्गात जाऊन मदत करणारे सल्लागार म्हणूनही काम करता येतं. पण आधी स्वतःचा वर्ग काही वर्षं चालवा, त्याशिवाय सल्ल्याला वजन येत नाही.

अभ्यासक्रम सुरू व्हायला अजून दोन-तीन महिने आहेत. तोवर काय करू?

ओळखीच्या बालवाडीत परवानगी घेऊन आठवड्यातून एकदा जा आणि कोपऱ्यात बसा. शिकवू नका. दर वेळी एकच मूल निवडा आणि वीस मिनिटं त्याच्याबद्दल लिहा, एकही विशेषण न वापरता. मुलाचं नाव लिहू नका, वही कुणाला दाखवू नका.

जवळपास सांकेतिक भाषेचा वर्ग असेल तर नाव घाला. दिव्यांग प्रौढांना त्यांच्या बालपणीच्या शाळेबद्दल विचारा, आणि ते सांगतील तेव्हा मध्ये न बोलता ऐका. शिक्षकाच्या एखाद्या वाक्यामुळे शाळा सुटली किंवा टिकली, असं त्यांच्यातले काही जण सांगतील. ती वाक्यं वहीत उतरवून घ्या आणि वही सरावाच्या पहिल्या दिवशी सोबत न्या.